झटक्याची चाहूल

जानेवारीतली रात्र होती. ग्वाल्हेरचा जानेवारी ज्यांनी काढला आहे त्यांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. मी तेव्हा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळीला असायचे. पायाशी हीटर, कोटावरून शाल, आणि तरीही मायक्रोस्कोपचा नॉब फिरवताना बोटं आखडायची. खिडकीखालच्या फटीतून एक मूठ आत आली. चेहरा नंतर दिसला. मूठ उघडली तेव्हा आत लाल झाकणाची लहान ट्यूब होती, तळाशी जेमतेम मिलिलीटरभर रक्त. थंडीत रक्त गार पडू नये म्हणून त्या माणसानं ती वरच्या वॉर्डापासून खालपर्यंत मुठीत घट्ट धरून आणली होती. ट्यूब हाताला कोमट लागली. चिठ्ठीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. एवढ्या लहान बाळाला स्वतःचं नाव कुठलं. खाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात ‘बर्थ अस्फिक्सिया’, म्हणजे जन्मवेळची घुसमट, आणि हव्या असलेल्या तपासण्या: शुगर, कॅल्शियम, सोडियम. मी रजिस्टरमध्ये नोंद करत होते तेवढ्यात त्यानं विचारलं, “मैडम, इससे पता चल जाएगा ना, कि झटके आएँगे या नहीं?”

मी त्याला जे खरं होतं ते सांगितलं. यातून साखर कळेल, कॅल्शियम कळेल, कमी असलं तर डॉक्टर लगेच देतील. साखर किंवा कॅल्शियम घसरल्यानं येणारे झटके थांबवता येतात, म्हणून हे आधी बघायचं असतं. तो मान हलवत ऐकत राहिला. मग “वो तो ठीक है” एवढंच म्हणाला आणि खिडकीपाशीच उभा राहिला. त्याला मिळालेलं उत्तर बरोबर होतं, पण त्यानं विचारलं होतं ते वेगळंच. तो उद्याबद्दल बोलत होता. माझ्या मशीनला फक्त आत्ताचं सांगता येत होतं. रिपोर्ट घेऊन तो जिना चढून गेला. पुढे त्या बाळाचं काय झालं मला ठाऊक नाही. लॅबमध्ये काम करणाऱ्यांना शेवट क्वचितच कळतो. आम्हाला माणसं आकड्यांतून भेटतात आणि पुढचं सॅम्पल आलं की आधीचं माणूस रजिस्टरच्या मागच्या पानावर जातं.

तो प्रश्न मात्र खाली माझ्यापाशीच राहिला.

राहिला याचं एक कारण आमच्या घरातलं आहे. माझा मावसभाऊ जन्मला तेव्हा रडला नव्हता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, चिटणीस की गोठमधल्या जुन्या घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत बाळंतपण झालं. खाटेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, दाराला गोधडी. आजी सांगायची, की सुईणीनं तळवे चोळले, कानाशी थाळी वाजवली, कांदा फोडून नाकाशी धरला, आणि नाळ न कापता वार निखाऱ्यावर शेकली. वार शेकली की तिच्यात अडकलेला जीव बाळात परततो अशी समजूत होती. ज्या मिनिटांत त्याच्या तोंडात हवा भरायला हवी होती ती मिनिटं या सगळ्यात गेली. सुईणीला दोष द्यायचं माझ्या मनात कधी आलं नाही. तिला जे ठाऊक होतं ते तिनं जिवाच्या आकांतानं केलं. शेवटी तो कण्हल्यासारखा रडला आणि बाहेर बसलेल्या आजोबांनी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मावशीला दिसलं, की बाळ ओठ चोखतंय. भूक लागली म्हणून तिनं पदराखाली घेतलं, तर ते ओढेना. ओठ हलत होते आणि डोळे एका बाजूला लागले होते. मग एक पाय सायकल मारल्यासारखा फिरू लागला. वैद्यांना बोलावणं गेलं.

आमच्याकडे पाचव्या रात्री सटवाई येते. पाटावर कोरा कागद आणि दौत-लेखणी ठेवायची, ती येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. त्याही रात्री कागद ठेवला गेला. पुष्कळ वर्षांनी मावशी मला म्हणाली, “सकाळी मी त्या कागदाकडे बघितलंच नाही गं. कोराच असणार हे माहीत होतं, तरी बघितलं नाही.” मावसभाऊ तिशीपर्यंत जगला. स्वतःहून कधी बसला नाही, पण रेडिओवर सतार लागली की हसायचा, आणि मावशीची पावलं जिन्यावर वाजली की मान वळवायचा. घरात सगळे म्हणत, आकडीनं घात केला. मलाही मोठं होईपर्यंत तसंच वाटायचं, की मूल चांगलं होतं, मग ती पहाट आली आणि सगळं बिघडलं.

तसं नव्हतं. घात त्या पहाटेच्या आधीच झालेला होता आणि पहाट त्याची दुसरी लाट होती. मेंदूला प्राणवायू आणि रक्त मिळेनासं होतं तेव्हा पेशींची ऊर्जा संपते, हा पहिला आघात. बाळ श्वास घेऊ लागलं की पेशी सावरतात, ऊर्जा भरून येते, बाहेरून सगळं निवळल्यासारखं दिसतं. काही तास असे शांततेचे जातात. साधारण ६ तास धरले जातात. मग, सहाव्या तासानंतर कधीतरी, पेशींची ऊर्जा पुन्हा खालावू लागते, आणि या खेपेला हवा देऊन ती परत आणता येत नाही. दुखावलेल्या पेशींनी ओतलेलं ग्लुटामेट नावाचं रसायन आसपासच्या पेशींना उत्तेजित करत राहतं, त्यांच्यात कॅल्शियम घुसतं, आणि झटके सुरू होतात. बहुतेकांना ते पहिल्या २४ तासांतच येतात. आणखी एक गोष्ट मला कळली तेव्हा मी बराच वेळ वाचायचं थांबले होते. मोठ्यांच्या मेंदूत गाबा नावाचं रसायन शांत करण्याचं काम करतं. नवजात मेंदूच्या पेशींत क्लोराइड जास्त असतं, त्यामुळे तेच गाबा तिथे उलट उत्तेजना देऊ शकतं. झटक्यांवर पहिलं दिलं जाणारं औषध, फिनोबार्बिटोन, गाबाच्याच वाटेनं काम करतं. ते काही बाळांत कमी का पडतं याचं हे एक कारण मानलं जातं.

म्हणजे मावशीच्या खोलीत थाळी वाजवणं थांबलं आणि पहाटे ओठ हलू लागले, या दोन्हींच्या मधे एक संपूर्ण रात्र होती. त्या रात्री घरात सगळे निर्धास्त झोपले होते. त्या माणसाचा प्रश्न नेमका त्या रात्रीतून आला होता. त्याचं बाळ रडलं नव्हतं, मग पिशवी-मास्कनं श्वास दिला, मग ते रडलं, आणि आता ते ‘मशीन में’ होतं, वॉर्मरखाली, शांत. आमच्या भागात वॉर्मरला सगळे मशीनच म्हणतात. वरच्या मजल्यावर त्याला कुणीतरी सांगितलं असणार, की ‘झटके नहीं आए तो अच्छा है’. तो खिडकीपाशी आला तो ती रात्र हातात घेऊन.

माझी भाची आता इंदूरला नवजात बाळांच्या विभागात डॉक्टर आहे. तिच्याशी बोलताना हा विषय पुन्हा पुन्हा निघतो, कधी तिच्या ड्यूटीनंतर फोनवर, कधी सुट्टीत ती इथे येते तेव्हा, गच्चीत उन्हात बसून मुरैन्याची गजक मोडता मोडता. तिनं मला एकदा हातानं करून दाखवलं. बाळाचा पाय थरथरत असेल तर तो हलकेच धरायचा. धरल्यावर थांबला तर ती नुसती थरथर, न थांबता हाताखाली ठोके देत राहिला तर झटका. “सिस्टर लोकांना आम्ही हेच शिकवतो मावशी,” ती म्हणाली, “आणि तेवढ्यावर भागत नाही हेही आम्हाला माहीत असतं.” भागत नाही, कारण नवजात बाळाचे बहुतेक झटके हातापायांपर्यंत पोचतच नाहीत. मेंदूत वीज उसळत असते आणि बाळ निवांत झोपल्यासारखं पडून असतं. औषध दिल्यावर तर हे आणखी फसवं होतं. अंग शांत होतं, मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, ईईजीवर, झटके चालूच राहतात.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये याचा हिशेब मांडला होता. धोक्यातल्या बाळांच्या मेंदूचा आलेख सलग काढला, जोडीला व्हिडिओ ठेवला. आलेखावर ५२६ झटके सापडले. व्हिडिओ नीट तपासल्यावर त्यांतल्या साधारण एक तृतीयांश झटक्यांतच बाहेर काहीतरी दिसलं होतं. आणि प्रत्यक्ष पलंगापाशी असलेल्या, शिकलेल्या, सावध कर्मचाऱ्यांनी ओळखलेले? ९ टक्के. उलटही तितकंच खरं निघालं. त्यांनी झटका म्हणून नोंदवलेल्या १७७ घटनांपैकी २७ टक्क्यांनाच आलेखाचा आधार होता. म्हणजे आपण ज्याला घाबरतो ते पुष्कळदा झटके नसतात, आणि जे झटके असतात त्यांतले बहुतेक आपल्याला दिसत नाहीत. ही माणसं निष्काळजी नव्हती. डोळ्यांना जेवढं दिसू शकतं तेवढंच त्यांना दिसलं. हे वाचून मला मावशीची आठवण झाली. तिला दिसलेले ते ओठ बहुधा पहिले नसतीलच. तिच्या कुशीत, झोपेत, आधी किती येऊन गेले असतील?

आणि मग सारनाट पतीपत्नींचं काम आहे. हार्वे आणि मार्गारेट सारनाट यांनी १९७६ मध्ये अवघ्या २१ बाळांच्या निरीक्षणातून जन्मवेळच्या घुसमटीच्या तीन पायऱ्या मांडल्या. आजही जगभर बाळाच्या खाटेशी उभं राहून डॉक्टर त्याच पायऱ्या मोजतात. पहिल्या पायरीत बाळ चिडचिडं, टक्क जागं, झटके नाहीत. दुसऱ्यात सुस्त, ढिलं, झटके पुष्कळ. तिसऱ्यात जवळजवळ निपचित, आणि तिथे झटके उलट कमी. मेंदू इतका दबलेला असतो की तो झटकाही देऊ शकत नाही. जिन्यावर बसलेल्या आजी-आजोबांना ‘झटके नाहीत’ हे ऐकून जो धीर येतो तो कधी पहिल्या पायरीचा असतो, कधी तिसरीचा. डॉक्टरला हे माहीत असतं आणि ते दोन वाक्यांत सांगता येत नाही. मी त्या जिन्यावर बसलेली माणसं वर्षानुवर्षं बघितली आहेत. त्यांच्यापुढे उभं राहून बोलणाऱ्या तरुण डॉक्टरांबद्दल माझ्या मनात मोठी माया आहे.

मग आधी कळण्याचा मार्ग कोणता? व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये छापलेला गुणांक अजूनही पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला मोजला जातो. रंग, ठोके, श्वास, डिवचल्यावरचा प्रतिसाद, स्नायूंचा ताण. तो बाळाची त्या क्षणीची अवस्था सांगतो, पुढची रात्र नीट सांगत नाही. नाळेच्या रक्ताची आम्लता सांगणारा पीएच ७ किंवा त्याखाली आणि आम्लाचा बोजा किती साठला ते सांगणारं बेस डेफिसिट १६ च्या वर असलं की घुसमट गंभीर होती एवढं कळतं. प्राणवायू कमी पडल्यावर साठणारं लॅक्टेटही वाढलेलं असतं. पण हे सगळं शरीराचं सांगणं आहे. स्नायू, यकृत, आतडी यांनी सोसलं ते त्यात मिसळलेलं असतं. मेंदूनं किती सोसलं हे विचारायचं तर मेंदूतूनच काहीतरी रक्तात आलेलं सापडलं पाहिजे. गेली कित्येक वर्षं शोध चालू आहे तो याचाच. चेतापेशींतून गळणारी एनएसई आणि यूसीएच-एल १, त्यांना आधार देणाऱ्या तारकापेशींतून येणारी एस-१००-बी आणि जीएफएपी ही प्रथिनं, सूज सांगणारं आयएल-६, शिवाय मायक्रो-आरएनएचे बारीक तुकडे. पेशी फुटली की ही गळतात, मेंदूच्या भोवतीचं कुंपण ढासळलं असेल तर रक्तात उतरतात, आणि नाळेच्या रक्तात किंवा पहिल्या काही तासांतल्या थेंबांत मोजता येतात.

इथे माझ्यातली लॅबवाली जागी होते. एनएसईबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात एकच विचार आला: ती तांबड्या पेशींतही असते. नवजात बाळाच्या टाचेतून पिळून काढलेलं रक्त, किंवा बारीक सुईतून जोरात ओढलेलं, हमखास फुटतं. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर काढावी तर सीरम पिवळसरऐवजी गुलाबी. आम्ही लिहायचो, ‘हिमोलाइज्ड, रिपीट पाठवा’, कारण पोटॅशियम खोटं वाढलेलं येणार. एनएसईही तशीच खोटी वाढलेली येईल. फुटलेल्या तांबड्या पेशी मेंदूच्या इजेचं सोंग घेतील. एस-१००-बी चरबीतही असतं. जीएफएपी मेंदूशी जास्त प्रामाणिक आहे, पण ते रक्तात चढायला वेळ घेतं, आणि इथे वेळच तर नाही. पुन्हा ‘रिपीट पाठवा’ लिहिणंही सोपं नसतं. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण २०० मिलिलीटर रक्त असतं, आणि ते इतकं दाट, की मिलिलीटरभरातून अर्धा मिलिलीटरही सीरम धड निघत नाही. रिपीट लिहिताना माझा हात नेहमी अडखळायचा. वरती कुणीतरी पुन्हा त्या टाचेवर सुई टोचणार हे डोळ्यांसमोर यायचं.

म्हणून अजून यांतली एकही खूण झटके आधी सांगण्यासाठी रोजच्या वापरात आलेली नाही. जे आज त्यातल्या त्यात भरवशाचं आहे ते मेंदूच्या आलेखाचं पहिल्या काही तासांतलं रूप. आलेखाची पार्श्वभूमी जिवंत असेल, झोप-जागेपणाची लय दिसत असेल, तर झटक्यांचा धोका कमी. ती दबलेली असेल, किंवा मधेच उसळून पुन्हा सपाट होत असेल, तर धोका मोठा. कॉर्कच्याच गटानं २०२० मध्ये युरोपातल्या इतर रुग्णालयांबरोबरचा एक अभ्यास छापला. संगणकानं आलेखावरचे झटके ओळखून डॉक्टरांना सावध केलं, तेव्हा झटके असलेल्या तासांपैकी ६६ टक्के तास ओळखले गेले. संगणकाची मदत नव्हती तिथे ४५ टक्के. हे झालेले झटके ओळखणं आहे. त्याच्या पुढची पायरी, पहिल्या तासांतला आलेख आणि बाळाची तपासणी एकत्र करून न झालेले झटके आधीच सांगणं, हीसुद्धा संगणकाकडून करून घेण्याचं काम चालू आहे.

हे सगळं वाचताना मला आनंद होतो आणि त्याच वेळी आत कुठेतरी टोचतं. रक्तातली खूण खरी कुणाला हवी आहे? जिथे रात्रंदिवस आलेख काढणारं मशीन आहे आणि तो वाचणारी माणसं आहेत, तिथे रक्ताच्या चाचणीवाचून फार अडत नाही. अडतं ते आमच्या शेजारच्या भिंड-मुरैना जिल्ह्यांकडच्या वॉर्डात, जिथे वॉर्मर आहे, ऑक्सिजन आहे, जीव ओतून काम करणाऱ्या सिस्टर आहेत, पण रात्री तीन वाजता आलेख नाही. पण एखादी खूण झटके सांगते की नाही हे सिद्ध करायचं तर खरोखर कुणाला झटके आले हे आधी माहीत हवं, आणि ते आलेखाशिवाय कळत नाही. म्हणून ज्यांना खूण सर्वांत जास्त हवी, त्यांच्याकडे ती पारखायला साधन नाही. ती पारखली जाते दुसऱ्यांच्या बाळांवर.

आणि दुसऱ्यांच्या बाळांवर खरं ठरलेलं आपल्याकडे तसंच खरं ठरेल असं धरून चालता येत नाही. थंड करण्याच्या उपचारानं हे दाखवून दिलं आहे. आमच्या घरी बाळाला शेगडीची ऊब, टोपडं, दुपटं, आणि तिथे डॉक्टर त्याला जन्मापासून ६ तासांच्या आत ३३.५ अंशांपर्यंत गार करून ७२ तास तसंच ठेवतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण त्यामागचा विचार सरळ आहे. दोन आघातांमधल्या त्या शांत तासांत मेंदूची भूक कमी करायची, म्हणजे दुसरी लाट लहान होते. श्रीमंत देशांत २००५ पासूनच्या मोठ्या अभ्यासांत मृत्यू आणि अपंगत्व कमी झालं. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर हेलिक्स नावाचा अभ्यास झाला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू आणि अपंगत्व मिळून काही फरक पडला नाही, आणि नुसते मृत्यू पाहिले तर गार केलेल्यांत ४२ टक्के, न केलेल्यांत ३१ टक्के. भाचीनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज उतरला होता. इथल्या पुष्कळ बाळांना इजा प्रसूतीच्या शेवटच्या मिनिटांत न होता आधीपासून, तुटक तुटक होत असावी, असा एक अंदाज मांडला जातो. आई अशक्त, कळा लांबलेल्या, वाटेत रेफर झालेली. मग शांत तासांचं ते गणितच हलतं. जे बाळ पोटातच पहिला आघात सोसून बसलं आहे त्याचे ६ तास कुठून मोजायचे?

हाच प्रश्न रक्तातल्या खुणेलाही विचारावा लागेल. आयर्लंडच्या नाळेतल्या रक्तावर ठरलेली रेघ आपल्या नाळेला लागू पडेलच असं नाही. म्हणून काम इथेच व्हायला हवं, आपल्या नाळांवर, आपल्या लॅबमध्ये. हे मी फार आग्रहानं म्हणते.

समजा कळलं, तर करायचं काय? मी भाचीला हे विचारलं, जरा रागानंच. धोक्यातल्या सगळ्यांना सरसकट आधीच फिनोबार्बिटोन द्यावं असं मानलं जात नाही. ते औषध बाळाला गुंगवतं, श्वास मंदावतं, वाढत्या मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो याची काळजी आहेच. दुसरं लिव्हेटिरासिटम. २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासात फिनोबार्बिटोननं ८० टक्के बाळांचे झटके २४ तास थांबले, तर लिव्हेटिरासिटमनं २८ टक्क्यांचे. झटक्यांनी इजा किती वाढते आणि ते मूळ इजेचं लक्षण कितपत आहेत, याचाही वाद संपलेला नाही. मग आधी कळून आईच्या जिवाला नुसता घोर?

भाचीनं उत्तरादाखल एका रात्रीची गोष्ट सांगितली. घुसमटलेली दोन बाळं एका संध्याकाळी आली. आलेखाचं मशीन एक. पहिलं बाळ थरथरत होतं, हात झटकत होतं, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. दुसरं शांत होतं. तिनं दोघांचे पाय धरून पाहिले, बाहुल्या पाहिल्या, ताण पाहिला, आणि मशीन शांत असलेल्याला लावलं. पहिल्याची आई बाहेरून काचेतून बघत होती; तिला काय वाटलं असेल ते भाचीला तेव्हा कळत होतं आणि तरी तिनं तसंच केलं. थोड्या वेळानं आलेखावर झटक्यांची रांग उमटायला लागली. बाळाची पापणीही हलत नव्हती. “मी तपासून ठरवलं मावशी,” ती म्हणाली, “पण ते ठरवताना माझ्या हातात एक आकडा असता, तर मी रात्रभर स्वतःला विचारत बसले नसते, की पहिल्याचं चुकलं तर?” तिला भविष्य नको आहे. एक मशीन कुणाला लावायचं, कुणापाशी सिस्टर बसवायची, कोणतं बाळ ६ तास संपायच्या आत मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं, आणि कोणाला विनाकारण औषध द्यायचं नाही, एवढं तिला हवं आहे. माझा राग त्यानंतर ओसरला. पण एक गोष्ट मला अजून पटत नाही, ती मी तिला सांगितली. आकडा आईला कसा सांगायचा हेही त्याच अभ्यासात असलं पाहिजे. कागद कोरा होता तोवर मावशीला त्याच्याकडे न बघण्याची मुभा होती. त्यावर काही लिहिलेलं असेल, तर ते वाचून दाखवणारं माणूस तिच्याजवळ बसलेलं हवं.

सध्या भाची तिच्या विभागातल्या वरिष्ठांबरोबर नाळेचं रक्त साठवण्याची तयारी करते आहे. परवानगीची कागदपत्रं चालू आहेत. एरवी ते रक्त वारेबरोबर बादलीत जातं. ते घेतलं तर बाळाला टोचावं लागत नाही, आणि ते सगळ्यांत पहिल्या मिनिटाचं असतं. तिनं मला विचारलं, की लेबर रूममधून लॅबपर्यंत सॅम्पल कसं न्यायचं ते तू लिहून दे. मी एका फुलस्केपवर लिहून दिलं. नाळ दोन्हीकडून चिमट्यात धरा आणि मगच सुई घाला. सिरिंजचा दट्ट्या ओढू नका, रक्त आपणहून येऊ द्या. ट्यूबमध्ये सोडताना सुई काढा, रक्त कडेनं उतरू द्या. लॅक्टेटची ट्यूब वेगळी, करड्या झाकणाची, कारण काढलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी लॅक्टेट बनवत राहतात. ट्यूब नातेवाइकांच्या हाती देऊ नका, त्यांना बाळापाशी राहू द्या. आपला माणूस पाठवा. लवकर फिरवा, सीरम लहान लहान भागांत वेगळं करा, गोठवा. सीरम गुलाबी आलं तर फेकू नका. किती गुलाबी ते लिहा आणि तेही ठेवा, कारण आपल्याकडे रात्री तीन वाजता येणारं रक्त पुष्कळदा गुलाबीच असतं, आणि जी चाचणी त्यावर चालणार नाही ती भिंडला चालणार नाही. चिठ्ठीवर बाळ जन्मल्याची वेळ आणि सॅम्पल घेतल्याची वेळ, दोन्ही लिहा, मिनिटांसकट.